शिदोरी महिन्याची, वाट तपाची

सायगॉन पडले, युद्ध संपले. अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून लढलेले लाखो व्हिएतनामी मात्र मागेच राहिले. त्यांची सुटका व्हावी आणि ताटातूट झालेली घरे पुन्हा एकत्र यावीत, म्हणून दूरदेशी गेलेल्या काही बायकांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. त्यांच्या हातात होती फक्त नावांची यादी.

जून १९७५. सायगॉनमधल्या हजारो घरांत त्या महिन्यात पिशव्या भरल्या जात होत्या. तांदूळ, सुकी मासळी, दोन कपड्यांचे जोड, मच्छरदाणी, थोडी औषधे. नव्या सरकारचा हुकूम रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून सगळ्यांपर्यंत पोहोचला होता. जुन्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ‘पुनर्शिक्षणा’साठी ठरलेल्या जागी हजर व्हायचे होते. बरोबर महिनाभर पुरेल इतके अन्न किंवा तेवढे पैसे घ्यायचे. शिवाय कागद आणि पेनही आणायचे, कारण ‘शिक्षण’ घ्यायचे होते ना!

नवऱ्याच्या पिशवीत बायकोने तीस दिवसांची शिदोरी मोजून भरली. एक महिन्याचा तर प्रश्न आहे, असे मुलांना सांगितले. हजर होण्याच्या जागा म्हणजे शहरातल्याच शाळा होत्या, त्यामुळे फारशी भीती वाटण्याचे कारण नव्हते. काही दिवसांनी रात्रीच्या अंधारात झाकलेले ट्रक आले आणि ती माणसे शहराबाहेर नेली गेली.

महिना उलटला. दुसरा उलटला. वर्ष गेले. कोणी तीन वर्षांनी परतला, कोणी आठ. कोणी बारा-तेरा वर्षांनी. काही तर परत आलेच नाहीत. शेवटचे काही कैदी सुटले ते १९९२ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी!

ही माणसे कोण होती?

व्हिएतनामची ही कहाणी भारताला अगदीच परकी नाही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर या देशाची उत्तर आणि दक्षिण अशी विभागणी झाली. त्या कराराच्या देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सभासद. ज्याला जिकडे राहायचे त्याने तिकडे जावे, यासाठी तीनशे दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत आठ लाखांहून अधिक लोक उत्तरेकडून दक्षिणेला आले. फाळणी पाहिलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना ती गर्दी, ती गाठोडी काही नवी नव्हती.

पुढे दक्षिणेच्या बाजूने अमेरिका युद्धात उतरली. १९६९ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. त्यांच्या जोडीला दक्षिण व्हिएतनामचे स्वतःचे सैन्य, पोलीस, नोकरशहा, दुभाषे, वाटाडे अशी मोठी फौज होती. अमेरिकेचे ५८ हजार सैनिक या युद्धात कामी आले, हे जगाला ठाऊक आहे. दक्षिण व्हिएतनामचे दोन लाखांहून अधिक सैनिक मेले, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला आणि अमेरिकन सैन्य मायदेशी परतले. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे सायगॉनच्या राजवाड्यात शिरले. शेवटच्या दोन दिवसांत हेलिकॉप्टरने सुमारे सात हजार लोकांना समुद्रातल्या जहाजांवर नेण्यात आले. विमाने आणि जहाजे धरून त्या वर्षी साधारण सव्वा लाखावर व्हिएतनामी अमेरिकेत पोहोचले. दूतावासाच्या फाटकाशी जीव मुठीत धरून उभी असलेली माणसे मात्र तिथेच राहिली. कोणाचे कुटुंब निघाले आणि तो मागे राहिला. कोणी परदेशी नोकरीवर होती आणि नवरा मायदेशात अडकला.

तीन दिवसांचा प्रवास, पंधरा मिनिटांची भेट

शिबिरांत नेमके किती लोक गेले याबद्दल एकमत नाही. वर्षानुवर्षे अडकून पडलेल्यांचा आकडा दोन ते तीन लाखांच्या घरात असावा, असे अंदाज आहेत. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदतही नाही. मुदत नसणे हीच सर्वांत मोठी शिक्षा होती. जन्मठेपेच्या कैद्यालाही दिवस मोजता येतात. इथे मोजायचे काय?

दिवसा जंगल तोडायचे, बांबू वाहायचे, कसाव्याची शेती करायची. संध्याकाळी आपल्या ‘गुन्ह्यां’ची कबुली पुन्हा पुन्हा लिहायची. बरोबर आणलेले कागद आणि पेन यासाठीच होते. पोटभर अन्न नाही, औषध नाही. मलेरिया आणि हगवण यांनी अनेकांचा बळी घेतला. १९७६ पासून बऱ्याच अधिकाऱ्यांना उत्तरेकडच्या डोंगराळ भागात हलवण्यात आले. १९७९ मध्ये चीनशी सीमेवर लढाई जुंपली, तेव्हा त्यांना पुन्हा दक्षिणेकडे आणले गेले.

या सगळ्या काळात बायकांचे काय? नवरा ‘शिबिरात’ म्हणजे घरावर शिक्का बसलेला. सरकारी नोकरी नाही. मुलांना वरच्या शिक्षणाची दारे बंद. कित्येक कुटुंबांना शहर सोडून ‘नव्या आर्थिक क्षेत्रां’त, म्हणजे ओसाड जमिनीवर, पाठवण्यात आले. ज्या शहरात राहिल्या त्यांनी घरातल्या वस्तू एकेक करून बाजारात नेल्या. घड्याळ गेले, शिवणयंत्र गेले, लग्नातले दागिने गेले.

भेटीची परवानगी मिळाली की त्या पुन्हा शिदोरी बांधत. भाजलेले तीळ-मीठ, साखर, सुकवलेला भात, मासळी. उत्तरेतल्या शिबिरापर्यंत आगगाडीचा तीनेक दिवसांचा प्रवास, मग बस, मग खांद्यावर ओझे घेऊन डोंगरातली पायपीट. आणि भेट किती वेळाची? पंधरा-वीस मिनिटांची, तीही पहारेकऱ्यासमोर. एवढ्या वेळात बोलायचे तरी काय? मुलगा कितवीत आहे, आई अजून आहे का, एवढे विचारून होईतो वेळ संपत असे.

दिवाणखान्यातले कार्यालय

खुक मिन्ह थो यांचा जन्म सा डेक या गावचा. पहिला नवरा सैन्यात होता. तो युद्धात मारला गेला आणि ऐन तरुणपणी तीन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. हे यजमानही सैन्यातले अधिकारी होते. सायगॉन पडले तेव्हा थोबाई फिलिपीन्समधल्या दक्षिण व्हिएतनामच्या वकिलातीत नोकरीला होत्या. ज्या देशाची ती वकिलात, तो देशच एका दिवसात नकाशावरून नाहीसा झाला. नवरा शिबिरात गेला.

१९७७ मध्ये त्या अमेरिकेत आल्या. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनिया राज्यात राहू लागल्या. तिथे त्यांच्यासारख्याच आणखी बायका भेटल्या. कोणी हॉटेलात भांडी घासत होती, कोणी कारखान्यात होती, कोणी कारकून. प्रत्येकीचा नवरा, भाऊ किंवा बाप ‘महिन्याच्या शिक्षणा’ला गेलेला. सुरुवातीला त्या फक्त एकमेकींना धीर द्यायला जमत. कोणाला पत्र आले की ते सगळ्यांसमोर वाचले जाई. पत्रात कोणत्या शिबिराचे नाव आहे, बरोबर आणखी कोण आहे, याची नोंद ठेवली जाऊ लागली.

त्या नोंदींतूनच काम उभे राहिले. थोबाईंचा दिवाणखाना हेच कार्यालय. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे काम. पगारी माणूस कोणी नाही. १९८४ मध्ये ‘व्हिएतनामी राजकीय कैद्यांच्या कुटुंबीयांची संघटना’ रीतसर नोंदली गेली. जगभर पांगलेल्या कुटुंबांना छापील अर्ज पाठवले जात. कैद्याचे नाव, हुद्दा, जन्मतारीख, पकडल्याची तारीख, शिबिर, बायको-मुलांचा पत्ता. अर्ज भरून परत आला की त्याची फाइल तयार होई. फाइलींची यादी बने. ती यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे जाई, खासदारांकडे जाई, मानवी हक्कांच्या संस्थांकडे जाई.

यादीचे महत्त्व आज कदाचित लक्षात येणार नाही. त्या वेळी दोन्ही सरकारांना ‘हजारो कैदी’ असे मोघम बोलण्यात अडचण नव्हती. आकड्याला चेहरा नसतो, त्यामुळे तो टाळता येतो. पण अमुक नाव, अमुक हुद्दा, अमुक शिबिर आणि त्याची बायको समोरच्या खुर्चीत बसलेली, हे टाळणे सोपे नाही. थोबाई आणि त्यांच्या मैत्रिणी नेमके हेच करत राहिल्या.

नाही म्हणण्याची कारणे

अडचणी दोन्हीकडून होत्या. हनोई सरकारच्या दृष्टीने ही माणसे परक्यांची चाकरी केलेली, देशद्रोही. त्यांना सोडले तर ती परदेशात जाऊन आपल्याविरुद्ध उठाव रचतील, अशी भीती त्यांना होती. अमेरिकेला हे युद्धच विसरायचे होते. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते. अमेरिकेने व्यापारबंदी घातली होती. १९७८ च्या अखेरीस व्हिएतनामने कंबोडियात सैन्य घुसवले आणि उरलासुरला संवादही तुटला.

तोवर लाखो लोक मिळेल त्या होडीतून समुद्रात उतरले होते. त्यातले सुमारे आठ लाख लोक १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत आसपासच्या देशांच्या किनाऱ्याला लागले. वादळात, चाच्यांच्या हातून किंवा तहानेने किती मेले, याची मोजदाद कोणाकडेच नाही. हे थांबावे म्हणून मे १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने हनोईशी करार केला. होडीत जीव धोक्यात घालण्यापेक्षा परदेशातल्या नातलगांकडे विमानाने, कागदपत्रांनिशी जाता यावे, अशी ही योजना होती. अमेरिकेसाठी तिचे काम बँकॉकच्या कार्यालयातून चाले. पण शिबिरातल्या कैद्यांना या दाराने बाहेर पडता येत नव्हते. आधी सुटका, मग परवाना. आणि सुटका तर कोणाच्याच हातात नव्हती.

सप्टेंबर १९८४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी जाहीर केले की, दोन वर्षांत दहा हजार कैद्यांना त्यांच्या कुटुंबांसह घ्यायला अमेरिका तयार आहे. बायकांच्या घरी आनंद झाला, पण प्रत्यक्षात काही हलले नाही. चर्चा सुरू व्हायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. परराष्ट्र खात्यातर्फे ही बोलणी करत होते रॉबर्ट फनसेथ. थोबाई त्यांना भेटत राहिल्या. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. आरडाओरडा नाही, मोर्चा नाही. नवी माहिती, नवी नावे घेऊन जायचे आणि विचारायचे, पुढे काय झाले?

या बायकांना एक गोष्ट चांगली कळली होती. अमेरिकेतही वाट पाहणारी घरे होती. अडीच हजारांवर अमेरिकन सैनिकांचा युद्धानंतर पत्ता लागला नव्हता. त्यांचे आईबाप आणि बायका सरकारचे दार ठोठावत होत्या. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ भारतीय जवान-अधिकाऱ्यांच्या घरच्यांना ही अवस्था कोणी समजावून सांगायला नको. अमेरिकेने हनोईकडे आपल्या बेपत्ता माणसांची चौकशी ‘माणुसकीचा प्रश्न’ म्हणून सुरू ठेवली होती. मग शिबिरातले कैदी हाही माणुसकीचाच प्रश्न नव्हे काय? थोबाईंच्या संघटनेने हा धागा घट्ट धरून ठेवला.

काळही हळूहळू बदलत होता. १९८६ मध्ये व्हिएतनामने आर्थिक सुधारणा स्वीकारल्या. रशियाची मदत आटू लागली होती आणि जगाशी जुळवून घेणे भाग होते. १९८७ आणि १९८८ मध्ये अनेक कैदी सुटले. जुलै १९८८ मध्ये दोन्ही बाजूंत तत्त्वतः एकमत झाले, आणि लगेच पुढच्याच महिन्यात हनोईने बोलणी थांबवली. आणखी एक वर्ष गेले.

३० जुलै १९८९

अखेर ३० जुलै १९८९ रोजी हनोईत करार झाला. तीन वर्षे किंवा अधिक काळ शिबिरात काढलेल्यांना जवळच्या कुटुंबासह अमेरिकेत जाता येणार होते. शिबिरात मरण पावलेल्यांच्या विधवांसाठीही पुढे या योजनेचे दार उघडले. जानेवारी १९९० मध्ये पहिली तुकडी अमेरिकेत पोहोचली. व्हिएतनामी लोकांच्या तोंडी या योजनेचे नाव ‘एच. ओ.’ असे बसले. अमुक कुटुंब ‘एच. ओ.’मधून आले, असे आजही म्हटले जाते.

करार झाला म्हणून लगेच विमान मिळाले असे नाही. एक कागद सगळ्यांत मोलाचा ठरला, तो म्हणजे शिबिरातून सुटताना मिळालेला दाखला. जो कागद दाखवला की नोकरी नाकारली जाई, शेजारी नजर चुकवत, तोच आता परदेशाचे दार उघडणार होता. ज्यांनी तो रागाने फाडला किंवा पुरात-पावसात गमावला, त्यांची पंचाईत झाली. त्याच्या जोडीला लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि आपल्याकडच्या रेशनकार्डासारखी कुटुंबाची नोंदवही. युद्धात जळालेल्या गावातल्या माणसाने जन्मदाखला आणायचा कोठून?

मग हो चि मिन्ह शहरात मुलाखत. अमेरिकन अधिकारी प्रश्न विचारत: तुम्ही कोणत्या पलटणीत होता? वरिष्ठ कोण? शिबिर कोणते? त्यानंतर वैद्यकीय तपासणी. क्षयाची शंका आली की उपचार पूर्ण होईपर्यंत सगळे कुटुंब थांबे. शेवटी तान सोन न्हात विमानतळ, बँकॉक आणि तिथून पुढे.

या योजनेतून दीड लाखाहून अधिक माणसे, म्हणजे माजी कैदी आणि त्यांची कुटुंबे, अमेरिकेत गेली. थोबाईंचे यजमानही एका तपाहून अधिक काळ शिबिरात काढून अखेर त्यांच्यापाशी पोहोचले. पण घरचा माणूस आला म्हणून त्यांनी काम बंद केले नाही. यादीत अजून खूप नावे होती.

भेट झाली, पुढे काय?

सिनेमात अशी गोष्ट विमानतळावर संपते. नवरा-बायको भेटतात, डोळे पुसतात आणि पडद्यावर ‘समाप्त’ येते. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

चाळिशीत घरातून गेलेला माणूस पन्नाशी ओलांडून आला होता. केस पांढरे, दात पडलेले, झोपेत दचकून उठणारा. जी मुलगी कडेवर होती ती आता महाविद्यालयात. तिला बाप फोटोतून माहीत होता. बायको एवढ्या वर्षांत एकटीने घर चालवायला शिकली होती, परक्या भाषेत नोकरी करत होती, गाडी चालवत होती. नवरा आला तो तिच्यावर अवलंबून. एकेकाळी शेकडो सैनिकांना हुकूम देणारा अधिकारी इथे रात्रपाळीला फरशी पुसू लागला. अमेरिकेने दिलेले विमानाचे भाडेसुद्धा कर्जाऊ होते. ते दरमहा हप्त्याने फेडायचे होते.

काही घरांत तर याहून अवघड कोडे होते. नवरा जिवंत नाही असे समजून एखादीने दुसरा संसार थाटला होता, तर एखाद्याने शिबिरातून सुटल्यावर तिकडे. चूक कोणाची? महिन्याचा वायदा करून बारा वर्षे कोंडून ठेवणाऱ्यांची, की वाट पाहून थकलेल्यांची? या प्रश्नाला कोणत्याही अर्जात रकाना नव्हता.

आणि मुलांचा प्रश्न. बाप शिबिरात असतानाच मुले एकवीस वर्षांची झाली. कायद्याच्या भाषेत ती ‘सज्ञान’ आणि म्हणून कुटुंबाबाहेरची. आधी त्यांच्या अविवाहित मुलांना सवलत होती, पण १९९५ मध्ये अमेरिकेने नियम आवळला. ज्या मुलाचे बालपण बापाविना गेले, त्याला आता बाप सुटल्यावर पुन्हा मागे ठेवायचे होते. संघटनेने पुन्हा कंबर कसली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी हा विषय उचलला. मॅकेन स्वतः हनोईच्या तुरुंगात साडेपाच वर्षे युद्धकैदी होते. १९९६ मध्ये त्यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर झाली आणि या मुलांना आईबापांकडे जाता आले. हुकलेल्यांसाठी २००५ मध्ये अर्जाची आणखी एक संधी देण्यात आली, म्हणजे सायगॉन पडल्यानंतर तीस वर्षांनी!

जंगलात राहिलेले सैनिक

ज्यांच्यासाठी यादी करायला कोणी नव्हते, त्यांचे काय झाले? व्हिएतनामच्या मध्य भागातल्या डोंगरांत राडे, जराय, बहनार अशा अनेक आदिवासी जमाती राहतात. १९६१ पासून अमेरिकेच्या खास दलांनी त्यांच्यातले हजारो तरुण लढाईला तयार केले. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेले हे लोक अमेरिकनांचे सर्वांत विश्वासू साथीदार मानले जात. १९७५ नंतर त्यांच्यातले अनेक जण जंगलातच लढत राहिले.

१९८६ मध्ये त्यांच्यापैकी दोनशेच्या वर लोक थायलंडच्या सीमेवरून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नेण्यात आले. बहुतेक सगळे पुरुष. बायका-मुले मागे डोंगरात. १९९२ मध्ये कंबोडियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तेव्हा मोंडुलकिरीच्या जंगलात आणखी सुमारे चारशे जणांचा तळ सापडला. लढवय्ये, त्यांच्या बायका आणि जंगलात जन्मलेली मुले. सतरा वर्षे ते आपल्या नेत्याच्या, यी बाम एनुओल यांच्या आदेशाची वाट पाहत होते. यी बाम एनुओल यांना ख्मेर रूजने १९७५ मध्येच ठार मारले होते. ही बातमी त्यांना तेव्हा कळली. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि त्यांनाही नॉर्थ कॅरोलायनात आसरा मिळाला.

तिथे त्यांच्या स्वागताला कोण होते? त्यांच्याबरोबर लढलेले जुने अमेरिकन सैनिक. या राज्यातच खास दलांचा मोठा तळ आहे आणि निवृत्तीनंतर अनेक जण तिथेच स्थायिक झालेले. ज्यांनी एकेकाळी बंदूक चालवायला शिकवले, तेच आता मुलांना शाळेत घालायला, गाडी चालवायला, बायकोसाठी अर्ज भरायला मदत करू लागले. सरकारांनी शब्द पाळला नाही, तेव्हा काही माणसांनी तो स्वतःपुरता पाळला.

काबूलनंतर

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. विमानतळावरची ती गर्दी जगाने पाहिली आणि अनेकांना सायगॉन आठवले. त्या पंधरवड्यात सुमारे सव्वा लाख माणसे विमानांनी बाहेर काढली गेली. पण गर्दीत हात सुटले. नवरा विमानात, बायको फाटकाबाहेर. मुले काकांबरोबर, आईबाप मागे. अमेरिकन सैन्याचे दुभाषे म्हणून काम केलेल्या हजारोंकडे त्या कामाचे पत्र होते, पण व्हिसा नव्हता.

पुन्हा तेच सुरू झाले. लग्नाचा दाखला कोठे आहे, जन्माची नोंद कोण देईल, ज्या देशात दूतावासच नाही तिथे मुलाखत कोण घेणार? माजी सैनिक आपल्या घरून, रात्री जागून, आपल्या जुन्या दुभाष्याच्या कुटुंबासाठी अर्ज भरू लागले. टंकयंत्राच्या जागी मोबाइल आला होता, एवढाच फरक. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपला निर्वासित प्रवेशाचा कार्यक्रमच स्थगित केला आणि विमानाच्या तिकिटापर्यंत पोहोचलेली अनेक कुटुंबे पुन्हा अडकली.

थोबाईंच्या अनुभवातून या सगळ्यांनी शिकण्यासारखे काय असेल? एक तर कागद जपा, अगदी नकोसा वाटणारा कागदही. दुसरे, एकट्याने अर्ज करत बसू नका. दहा घरांच्या माहितीतून अकराव्याचा पत्ता लागतो. आणि तिसरे, सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाशी भांडू नका, पण त्याला विसरूही देऊ नका.

थोबाईंच्या संघटनेची कागदपत्रे आज अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनामविषयक संग्रहात जपून ठेवली आहेत. हजारो फाइली. प्रत्येकीत एक अर्ज, कोठे कोठे छोटा फोटो, बायकोच्या किंवा मुलीच्या हाताने लिहिलेले पत्र. आता तिथे संशोधक येतात. शिबिरात गेलेल्यांची नातवंडेही आजोबांचे नाव शोधू शकतात.

१९७५ च्या जूनमध्ये पुरुषांच्या पिशवीत कागद आणि पेन टाकले गेले होते, महिनाभराच्या अभ्यासासाठी. त्या कागदांवर त्यांच्याकडून जे लिहून घेतले गेले ते शिबिरातच राहिले. बायकांनी मागे राहून जे लिहिले, त्याने ती माणसे घरी आली.